आसावरीबाईंचं ग्राउंड

खुर्ची आली ती मंगळवारी, दुसऱ्या तासाला.

भिवंडीतल्या कामतघरच्या त्या शाळेचं ग्राउंड म्हणजे तीन बाजूंना कापडाच्या लूमच्या शेड आणि चौथ्या बाजूला शाळेची दोन मजली इमारत. लूमची खटखट दिवसभर चालू, त्यामुळे तिथे शिकवणाऱ्याला गळा लागतो. आसावरीबाईंना तो होता. एकवीस वर्षं त्या तिथल्या मातीत उभ्या राहून मुलांना पळवत होत्या आणि त्यांची हाक तिन्ही शेडवरून शेवटच्या मुलापर्यंत जायची. माईक नव्हते त्या काळात नाटक मंडळ्यांनी असा गळा डोक्यावर घेतला असता. मागच्या रांगेतला चार आण्यांचा प्रेक्षक अशाच आवाजावर घरी समाधानाने जायचा.

तर सातवीच्या मुली खो-खोच्या रांगेत बसल्या होत्या आणि फाटकातून टेम्पो आत आला. दोन माणसांनी खुर्ची उतरवली. चाकांची, काळ्या रेक्झिनची, मान टेकायला वेगळी उशी असलेली. ती गुलमोहराखाली ठेवताच चाकं मातीत रुतली आणि खुर्ची एका अंगाला कलली. पाठीवर कागद चिकटवला होता : ‘आसावरीबाईंसाठी, सप्रेम.’

मुली माना वळवून बघत होत्या. एकीने विचारलं, “बाई, ही तुमची?”

“खेळाकडे बघा,” बाई म्हणाल्या.

पाठोपाठ शिपाई पत्र घेऊन आला. ट्रस्टचं पत्र होतं आणि ते फार प्रेमाने लिहिलेलं होतं. बाईंची प्रकृती लक्षात घेता येत्या सोमवारपासून त्यांना ग्राउंडच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे. त्यांनी कार्यालयात बसून क्रीडा विभागाची कागदपत्रं पाहावीत. पगारात काहीही फरक पडणार नाही. पी.टी.चे तास तूर्त चित्रकलेचे दामूसर घेतील. आणि शनिवारी स्नेहसंमेलनात, आजाराशी झुंज दिल्याबद्दल बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालताना कुणी पाहिलं आहे का? शनिवारी तेच होणार होतं, फक्त हार गळ्यात पडणार होता.

दामूसर धापा टाकत आले. बिचारे छप्पन्न वर्षांचे, पोट पुढे, आणि सूर्यनमस्कारातला त्यांना फक्त नमस्कार येत होता. “बाई, माझा यात काही हात नाही हो,” असं म्हणत ते त्याच खुर्चीत बसले. बाईंना हसू आलं असतं, पण त्या दिवशी ते आलं नाही.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. आसावरीबाईंच्या बाबतीत त्यात अलंकार काही नव्हता. त्यांचे तळपाय गेली पाच वर्षं रोज सकाळी पेटलेलेच असत.

सुरुवात हातांनी झाली होती. एका सकाळी शिट्टी बोटांत धरता येईना. मग मनगटं सुजली, मग पावलांच्या चवड्यांत खडे भरल्यासारखं व्हायला लागलं. भिवंडीत सांधे दुखले की चिकनगुनिया, हे डॉक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आठ महिने त्यांनी न झालेल्या चिकनगुनियाच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आमवात. शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली, दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, की चालायचं, व्यायाम सोडायचा नाही.

टेमघरच्या घरी आल्यावर सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, गोळीचं ऐकलं आणि व्यायामाचं सोडून दिलं. पी.टी.च्या मास्तरणीला आमवात झाला, म्हणजे देवालाही विनोद कळतो, असं म्हणून त्या आधी हसल्या आणि मग देवघरात जाऊन रडल्या. त्यानंतर चार महिने त्यांनी सुनेला तांब्या उचलू दिला नाही. नवरा, आल्हाद, कोर्टात कारकून. तो ऑफिसला जाण्याआधी केस विंचरून द्यायचा. शेजारणी येऊन पलंगाच्या कडेला बसायच्या आणि आपापल्या आत्यांच्या गुडघ्यांच्या गोष्टी सांगायच्या. चार महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला आला, आणि तो घेऊन घरी येताना बाईंना आपल्याच इमारतीचा जिना चढवेना. पहिल्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या. आजार उतरला होता आणि पडून पडून पाय गेले होते. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा खरा संताप आला, आणि तो पुढे कामाला आला.

पूर्वी नावाची त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती. आता कामतघरातच तिचं फिजिओथेरपीचं छोटं केंद्र होतं. ती म्हणाली, “बाई, सातवीत माझं पोट दुखत होतं तरी तुम्ही मला दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मी विसरलेले नाही. उठा आता.”

तिने पळायला मात्र लावलं नाही. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून एकेक बोट अंगठ्याला लावायचं. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं, बसायचं. पहिल्या आठवड्यात तीन वेळा, मग पाच, मग दहा. जिना. टेमघरच्या रस्त्यावर गोडाऊनचे कंटेनर चालतात, माणसं चालत नाहीत, म्हणून चालायचं गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून वाळवणाच्या दोरीपर्यंत. पूर्वीने एकच नियम दिला होता. व्यायामाने थोडं दुखणारच; पण ते दुखणं दोन तासांत उतरलं नाही किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं निघालं, तर काल जास्त झालं. मग आज कमी करायचं, बंद करायचं नाही. आणि सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी त्या सांध्याला नुसतं हळूच हलवून ठेवायचं, त्याच्याशी झगडायचं नाही.

असं करत करत दीड वर्षात बाई पुन्हा ग्राउंडवर आल्या. अर्धी फेरी धावायच्या. खो-खोतला सूर मारून दाखवता येत नव्हता, पण सूर मारणारीचा पाय कुठे चुकला ते त्यांना वीस पावलांवरून दिसायचं. रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी त्या शरीराशी दीड तास भांडून येत, आणि शाळेत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. लोकांना दिसायची ती वाकडी व्हायला लागलेली दोन बोटं. तेवढंच दिसायचं.

पत्र घेऊन बाई मुख्याध्यापिकेकडे गेल्या, तर तिने हात वर केले. ट्रस्टचे अध्यक्ष केसरीनाथशेठ, त्यांनीच ठरवलंय, म्हणाल्या. तेव्हा बुधवारी शाळा सुटल्यावर आसावरीबाई रिक्षा करून शेठच्या गावी, दिघाशीला गेल्या.

वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. केसरीनाथशेठ वाईट नव्हते, हीच अडचण. भाताच्या खाचरांची गोडाऊन झाली आणि शेठकडे पैसा आला, तेव्हा त्यांनी आधी शाळेत मुलींसाठी संडास बांधले आणि मग आपला बंगला. पावसात छप्पर उडालं तर स्वतः पत्रे घेऊन आले होते. गळ्यात जाड साखळी, अंगात पांढरा सदरा, आणि कुणी रडलं की यांचे डोळे आधी भरायचे.

त्यांनी बाईंना सोफ्यावर बसायला सांगितलं. बाई उभ्याच राहिल्या आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. खुर्ची नको, सत्कार नको, ग्राउंड पाहिजे. डॉक्टरांचं पत्र आणते, पूर्वीला घेऊन येते, हवं तर तुमच्यासमोर धावून दाखवते.

शेठ शांतपणे ऐकत होते. मग ते समजुतीच्या सुरात बोलू लागले. आपण काय बाईंचे वैरी आहोत का, पगार तोच, मान तोच, उन्हात उभं राहायची हौस कशाला. या दुखण्याची माहिती आपल्याला कुणी सांगायला नको. आणि असं म्हणत त्यांनी हॉलला लागून असलेल्या खोलीचं दार उघडलं.

आत दवाखान्यात असते तशी खाट होती. खाटेवर त्यांची आई, हौसाबाई. पंचाहत्तरीच्या पुढच्या, कपाळावर ठसठशीत कुंकवाएवढं जुनं गोंदण, डोळे छताला. हात चादरीवर ठेवलेले. बोटं सगळी एका अंगाला कललेली, वाऱ्याने भाताच्या लोंब्या आडव्या व्हाव्यात तशी. चादरीखाली गुडघ्यांचा उंचवटा होता, आणि तो कधी सपाट होत नसावा हे बघताक्षणी कळत होतं. ही बाई तरुणपणी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन दिघाशीहून भिवंडीच्या बाजारात चालत जायची, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

“हेच हाय ना तुमचा दुखना?” शेठ म्हणाले. “बारा वरसां झाली. बारा वरसांत आयच्या पायाला माती लागू दिली न्हाय मी. पानी सुदा माज्या हातानं पाजतो. गावात इचारा.”

गावात विचारायची गरज नव्हती. दिघाशीत आईला सांभाळायचं उदाहरण द्यायचं तर हेच देत. शेठच्या आईचे पाय जमिनीला लागत नाहीत, असं लोक कौतुकाने सांगत. शेठ आईच्या पायांवरची चादर नीट करत होते. दुसरं कुणी असतं तर त्या क्षणी हात जोडून बाहेर पडलं असतं.

आसावरीबाईंना मात्र समोर आपला पलंग दिसत होता. चार महिन्यांऐवजी बारा वर्षं. आणि तोंडातून निघून गेलं :

“तुम्ही आईला सांभाळलं नाहीत, शेठ. तुम्ही त्यांना खाटेला शिवून टाकलंत.”

शेठच्या चेहऱ्यावरून आधी रंग गेला, मग परत आला तो वेगळाच. ते ओरडले नाहीत. दाराकडे हात केला आणि म्हणाले, “जावा तुमी. शनवारी शाल घ्याला या.”

बाहेर पडताना बाईंनी वळून पाहिलं. हौसाबाई छताकडे बघत नव्हत्या. त्या थेट त्यांच्याकडे बघत होत्या.

रात्री जेवताना त्यांनी घरी सगळं सांगितलं. आल्हादने कपाळाला हात लावला. माई मात्र पोळी मोडत, न बघता म्हणाल्या, “खरं असेल. पण त्याच्या घरात उभी राहून, त्याच्या आईदेखत? मलाही असंच म्हणाली असशील कधीतरी, मनातल्या मनात.”

“मनातल्या मनात नाही. पूर्वीजवळ मोठ्याने म्हटलं होतं.”

“बघ. मी निदान तुझा सत्कार तरी केला नाही.” माईंनी पाण्याचा घोट घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुला ठाण्याची डॉक्टरीण मिळाली. त्या बाईला बारा वर्षांपूर्वी कोण मिळालं असणार? तेलवाला वैदू. तुझी गोळी तिला कुणी दिली असती तर तिचे हात असे झाले असते का? त्याचं खापर तू मुलाच्या डोक्यावर फोडून आलीस.”

सासूचं बोलणं बरोबर असलं की ते जास्त झोंबतं. बाईंनी ताट उचललं आणि मोरीत जरा जोरातच ठेवलं. राग तसाच होता. त्यात आता स्वतःवरचाही मिसळला होता, आणि तो जास्त कडू होता.

गुरुवारी दुपारी शेठचा फोन आला. आवाज कोरडा. आय कालपासून जेवत नाही, तुम्हाला बोलवते, गाडी पाठवतो. एवढं बोलून ठेवला. बाईंनी गाडी नको म्हणून उलट निरोप दिला, पूर्वीच्या केंद्रावर जाऊन तिला तिच्या पिशवीसकट बाहेर काढलं आणि दोघी रिक्षाने निघाल्या. आपल्याला राग येतो म्हणजे आपल्याला उपचार येतात असं नाही, एवढं भान त्यांना होतं.

हौसाबाईंनी लेकाला दारातच थांबवलं. मग बाईंना म्हणाल्या, “काल काय बोललीस ती तू? परत बोल गो.”

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं.

“मना खाटंला शिवला बोललीस. मंग सांग. मी उठली असती का?”

या प्रश्नाला खोटं उत्तर देणं फार सोपं होतं. दोन्ही बाजूंनी सोपं होतं. हो म्हणावं तर आपलं खरं ठरतं, नाही म्हणावं तर म्हातारीचं मन राहतं. आसावरीबाई खाटेच्या कडेला बसल्या.

“नक्की नाही सांगता येत, आजी. औषध वेळेवर मिळायला पाहिजे होतं, ते मिळालं नाही. त्यात शेठची चूक नाही. काल मी अर्धंच बोलले. पण हलवत ठेवलं असतं, रोज बसवलं असतं, तर गुडघे असे धरले नसते. थोडं तरी तुमच्या हातात राहिलं असतं.”

हौसाबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हतं. आसावरीबाईंनी आयुष्यात पुष्कळ रागावलेली माणसं पाहिली होती, पण इतका जुना, इतका मुरलेला राग पाहिला नव्हता.

“बारा वरसां मी बोलते, मना बसवा,” त्या म्हणाल्या. बोलत होत्या बाईंशी, पण ऐकवत होत्या दाराला. “ह्यो बोलतो, आये, दुखंल. मी बोलते दुखू दे. मंग ह्यो रडतो. येवरा मोठा बाप्या, दोन पोरांचा बाप, माज्या उशाला बसून रडतो. त्याचा रडना बगून मी गप. बारा वरसां मी ह्याच्यासाटी परून हाय.”

दारात शेठ उभे होते. त्यांनी चौकट धरली होती.

पूर्वीने आपलं काम सुरू केलं. नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, एकेक सांधा हलकेच हलवून पाहिला. गुडघे सरळ होणार नव्हते, हे तिने लपवलं नाही. आधी ठाण्याला दाखवायचं, औषध अजूनही उपयोगी पडेल, हाडं ठिसूळ झाली असतील तीही तपासायची. आज एवढंच बघू, की खाटेच्या कडेला बसवलं तर चक्कर येते का.

शेठ आपसूक पुढे आले, हात पसरून, रोजच्या सवयीने.

“केसऱ्या, तू लांब ऱ्हा,” म्हातारी म्हणाली.

पूर्वीने एक हात पाठीमागे घातला, एक मांड्यांखाली. बाईंची मनगटं असलं वजन पेलणारी नव्हती, म्हणून त्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. आकडे मोजले. ग्राउंडवरचा आवाज, खालच्या पट्टीत. श्वास घ्या, एक. मान वर, दोन. तीनला उजवीकडे वळायचं. खाट करकरली. हौसाबाईंच्या तोंडून एक लांब हुंकार निघाला, आणि त्या बसल्या. बारा वर्षं वाकून राहिलेले गुडघे बसायला मात्र कामी आले. पावलं खाली गेली आणि फरशीला टेकली. तान्ह्या मुलाच्या असतात तसे तळवे होते ते, एकही भेग नसलेले.

“थंड हाय,” त्या म्हणाल्या.

पूर्वी घड्याळ बघत होती. चार मिनिटं. खोलीचं दार, कपाट, खिडकीबाहेरचं पेरूचं झाड, सगळं बसलेल्या माणसाच्या उंचीवरून हौसाबाई एकेक करून बघत होत्या, आणि त्यांचा जबडा आवळलेला होता. पुन्हा आडवं करताना त्या पुरत्या थकल्या होत्या. पूर्वीला एवढंच विचारलं, उद्या कवा येशील.

शेठ दारात नव्हते. अंगणात ते ड्रायव्हरला कशावरून तरी झापत होते. कशावरून, ते त्या ड्रायव्हरलाही कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आसावरीबाईंचं उजवं मनगट लाल होऊन सुजलेलं होतं. पावलं जड. तीन दिवसांची धावपळ, डिसेंबरचा गारठा, की आजाराची नुसती लहर, याला उत्तर नसतं. नेमका आजच, म्हणून त्यांनी मनगटाला दोन शिव्या दिल्या आणि कोमट पाण्यात हात घातला. मनगट हळूहळू हलवलं, जेवढं हललं तेवढंच. माई म्हणाल्या, रजा टाक. बाई एवढंच म्हणाल्या, “माई!” माईंनी निमूट डबा भरून दिला.

ग्राउंडच्या फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. केसरीनाथशेठ गुलमोहराखाली हाताची घडी घालून उभे होते. डोळ्यांवरून झोप झालेली दिसत नव्हती. खुर्ची दामूसरांनी केव्हाच स्टाफरूममध्ये नेली होती.

बाईंनी त्यांना नमस्कार केला नाही. मुलींची रांग बसवली. सूर दाखवायला संघाची कप्तान क्षितिजा पुढे बोलावली आणि स्वतः रेषेवर उभ्या राहून सांगत राहिल्या. डावा पाय उशिरा उचललास. पुन्हा. खांबाकडे बघतेस, पळणारीकडे बघ. पुन्हा. आवाज शेडपार जात होता, पण बाई जागच्या हलल्या नव्हत्या, आणि शेठ तेच बघत होते. पंधरा मिनिटांनी ते जवळ आले.

“मंग? पलाला कुटं तुमी? आमाला बोलत होता, धावून दाखवते.”

“आज नाही धावणार. मनगट सुजलंय, पायही धरलेत. सोमवारी बघेन.”

“मी तरी दुसरा काय बोललो व्हतो?”

आसावरीबाई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढवायची गरज नव्हती, तरी तो चढला. रांगेतल्या मुली कान टवकारून होत्या; असू देत.

“तुम्ही म्हणालात, कधीच नाही. मी म्हणतेय, आज नाही. आणि हे म्हणायचं ते मी म्हणणार, शेठ. ट्रस्ट नाही, तुम्ही नाही, माझी सासूसुद्धा नाही. माझं शरीर मला रोज सकाळी नवीन अट घालतं. ती मी ऐकते, मोडते, तिच्याशी घासाघीस करते. तुम्ही मध्ये येऊन शाल घालून मला बाहेर बसवू नका. चांगल्या मनाने तर मुळीच नको. चांगल्या मनाच्या माणसाशी भांडता येत नाही, हे तुमच्या आईने बारा वर्षं सोसलंय.”

शेठनी खिशातून रुमाल काढला. बाईंना वाटलं, आता हे रडणार. पण ते रडले नाहीत. बहुधा कालपासून त्यांना त्याची धास्ती बसली होती.

“बुधवारी मी अर्धं बोलले, तेवढ्याची माफी मागते,” बाई पुढे म्हणाल्या. “औषध मिळालं नाही यात तुमचा दोष नव्हता. उरलेलं अर्धं मी मागे घेत नाही.”

शेठनी चपलेच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली.

“आय माज्याशी बोलत न्हाय,” शेठ शेवटी म्हणाले. “सकाली चा नेला, तर बोलली, कप माज्या हाताला लाव. लावला. सांडला सगला. गादी भिजली. मी पुसाला गेलो तर बोलली, ऱ्हाऊ दे, दुसरा आन.” त्यांनी नाक शिंकरलं. “ग्राउंड तुमच्याकडं ठेवा. आयनं सांगितलाय. मना पटलाय म्हनून न्हाय. मी अजून तुमच्यावर रागात हाय.”

“मीही.”

“आनी उद्याचा कार्यक्रम व्हईल. पत्रिका वाटल्यात.”

“शाल घेते. भाषण करायला लावू नका. केलं तर तुम्हाला झेपणार नाही.”

शेठनी मान हलवली. जायला वळले, चार पावलं गेले, आणि थांबले. परत आले तेव्हा त्यांची नजर मातीकडे होती. त्यांनी विचारलं, की ते हाताचं काय असतं, बोटांचं, पूर्वी म्याडम आयला शिकवनार हायत ते. त्या यायच्या आधी आपल्याला माहीत असलेलं बरं.

बाईंच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. त्यांनी डावा, बरा असलेला हात वर धरला. पहिलं बोट अंगठ्याला टेकवलं, सोडलं. दुसरं. तिसरं. शेठनी आपला सोन्याच्या अंगठ्या घातलेला जाडजूड हात वर केला आणि भराभर चारही बोटं टेकवून मोकळे झाले. रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

“हळू,” आसावरीबाई म्हणाल्या, आणि तो आवाज तिन्ही शेडच्या पलीकडे गेला. “तुमच्या हाताच्या वेगाने नाही. त्यांच्या हाताच्या. पुन्हा करा.”